कांदा लाल करायचा नाही

रविवारी सकाळी अकरा वाजता कळलं की घरातलं यीस्ट मेलेलं आहे. पाकीट होतं, पण त्यावरची तारीख कधीच उलटून गेलेली. कोमट दुधात चिमूटभर साखर घालून वीस मिनिटं बघत बसले, एक बुडबुडा येईना. जर्मनीत रविवार म्हणजे दुकानांना टाळं. दूध संपलं, मीठ संपलं, काहीही संपलं तरी सोमवारपर्यंत गप्प बसायचं.

म्हणून समोरच्या दाराची बेल वाजवली. समोर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक बाई एकट्या राहतात. मनातल्या मनात मी त्यांना आजी म्हणते, तोंडावर अर्थातच फ्राऊ आणि पुढे आडनाव. तोवर आमचा संबंध एका पाटीपुरता होता. इथे श्वाबेनमध्ये, म्हणजे जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात, ‘केअरवोखं’ नावाची शिस्त आहे. इमारतीचा जिना आळीपाळीनं एकेका घरानं झाडायचा, पुसायचा आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. ती पाटी आजी माझ्या दाराला अडकवायच्या तेव्हा, मागच्या वेळी तिसऱ्या पायरीचा कोपरा राहिला होता, हे न बोलता सांगून जायच्या.

त्या दिवशी मात्र त्यांनी फ्रीजमधून ताज्या यीस्टची वडी काढली. इथे ती ४२ ग्रॅमची, चांदीच्या कागदात गुंडाळलेली मिळते. सुरीनं बरोबर मधोमध कापून अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, कशाला हवंय? मी म्हटलं, त्स्वीबेलकूखन करतेय. त्यांची एक भुवई वर गेली. बोलल्या काही नाहीत.

त्स्वीबेल म्हणजे कांदा आणि कूखन म्हणजे केक. पण केक म्हटलं की गोडाची अपेक्षा होते, म्हणून आईला फोनवर सांगताना मी इंग्रजी शब्द वापरला आणि ‘कांद्याचा पाय’ ऐकून ती बराच वेळ बोललीच नाही. खरं तर पदार्थ साधा आहे. खाली यीस्टच्या पिठाची जाडसर पोळी, तिच्या कडा डब्याच्या काठावर चढवलेल्या, आत किलोभर शिजवलेला कांदा आणि त्याला बांधून ठेवायला अंडी न्‌ आंबट साय. ऱ्हाइन ओलांडून फ्रान्समधल्या अल्झासमध्ये गेलं की हाच कांदा लोण्याच्या खुसखुशीत पिठावर बसतो. इकडच्या बाजूला यीस्टचं पीठ. द्राक्षं खुडायला आली की, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, बेकरीच्या काचेमागे हे चौकोनी तुकडे दिसायला लागतात आणि मग एक दिवस वाटतंच की आपण घरी करून बघू.

त्यात मी निफाड तालुक्यातली. घरासमोर कांदाचाळ, शाळेच्या वाटेवर लासलगावच्या मार्केटला निघालेल्या ट्रॅक्टरांची रांग, दप्तराला कांद्याचा वास. कांद्याच्या बाबतीत मला कोणी काही शिकवावं अशी वेळ येईल, हे स्वप्नातसुद्धा नव्हतं. तोच माज त्या रविवारी नडला.

पीठ ठीक जमलं. कांदा मात्र मी आमच्या पद्धतीनं केला. तेल चांगलं तापवलं, जिरं टाकलं, उभा चिरलेला कांदा घातला आणि शेगडीचा आकडा ९ वर. इथल्या शेगडीला ज्योत नसते, काळी काच असते आणि १ ते ९ आकडे. आकडा कमी केला तरी काच आपली पाच मिनिटं तापलेलीच राहते. कांदा कडांनी काळसर, मध्ये तांबूस आणि आतून कच्चा, असा तिन्ही तऱ्हांचा झाला. मला वाटलं, वा, छान लाल झालाय. तसाच गरम गरम अंड्यांत ओतला. अंड्यांच्या गुठळ्या झाल्या. ओव्हनमधून जे बाहेर आलं ते वरून भुर्जी, खालून ओला पाव.

रिकामं भांडं परत करू नये तसं घेतलेलं यीस्टही रिकाम्या हातानं फेडू नये, म्हणून त्यातल्या त्यात बरा तुकडा आजींना नेऊन दिला. दोन दिवसांनी बशी परत आली, धुतलेली. आजी म्हणाल्या, “शनिवारी दोन वाजता माझ्याकडे या. एक किलो कांदा आणा. साधा पिवळा, ते मोठे नकोत.”

मी कांदा नेला आणि सोबत माझी विळी. नाशिकहून सामानात आणलेली, पाट दुमडणारी, छोटी. आजींच्या चकचकीत स्वयंपाकघरात मी फरशीवर वर्तमानपत्र अंथरून विळी मांडली, तेव्हा त्या खुर्ची ओढून समोर बसल्या आणि पाच मिनिटं नुसत्या बघत राहिल्या. पात्याची धार स्वतःकडे आणि कांदा दोन्ही हातांत धरून पुढे ढकलायचा, हे त्यांना सर्कशीसारखं वाटत असावं. कौतुक केलं नाही. श्वाबियन माणसं कौतुकात हात आखडूनच असतात. त्यांची म्हणच आहे, रागावलो नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं.

पण चौथ्या कांद्याला त्यांनी मला थांबवलं. मी सवयीनं उभा चिरत होते, देठाकडून मुळाकडे. त्या म्हणाल्या, आडवा. उभ्या फाका शिजल्यावरही आकार धरून राहतात. बिर्याणीला, भज्यांना ते बरंच असतं. आडवा चिरला की कांद्याच्या शिरा तुटतात आणि तो लवकर विरघळल्यासारखा मऊ होतो. मग अर्ध्या चकत्या, शक्य तितक्या पातळ. किलोभर कांदा चिरायला दोघींना पाऊण तास लागला आणि दोघीही रडलो. मुंबईहून आलेल्या एका मैत्रिणीनं चष्मा लावून कांदा चिरायची युक्ती सांगितली होती. आजींनी ती हसण्यावारी नेली. त्यांच्या मते रडण्यावर उपाय म्हणजे धार.

रडता रडता त्यांनी गावाची गोष्ट सांगितली. एस्लिंगेनच्या बाजारात एकदा वेष पालटून सैतान आला. भाजीवालीकडे त्यानं सफरचंद मागितलं. तिनं त्याला ओळखलं आणि सफरचंदाऐवजी कांदा दिला. सैतानानं कचकन चावा घेतला, डोळ्यांतून पाणी, तोंडात आग. चिडून तो म्हणाला, ही तुमची गोड सफरचंदं? आजपासून तुम्हाला एस्लिंगर नाही, त्स्वीब्लिंगर म्हणतील! म्हणजे कांदेकर. शाप गावानं मिरवायला घेतला, आजही हे लोक स्वतःला त्स्वीब्लिंगर म्हणवून घेतात आणि उन्हाळ्यात गावात कांद्याचा उत्सवही भरायचा. मी म्हटलं, मग मी जन्मतःच तुमच्या गावची.

पीठ त्यांनी आधीच भिजवून ठेवलं होतं. २५० ग्रॅम मैदा, अर्ध्या वडीतून थोडं कमी यीस्ट, साधारण १२५ मिली कोमट दूध, ४० ग्रॅम लोणी, मीठ, चिमूट साखर. इथे मैद्याच्या पुड्यावर आकडा असतो, ४०५ किंवा ५५०. तो किंमत किंवा वजन नसून १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते त्याचा आहे, म्हणजे आकडा जितका मोठा तितका कोंड्याचा अंश जास्त. केकला ४०५, पावाच्या पिठाला ५५० बरा. मी पहिल्या वेळी कुठला वापरला होता ते आठवेना. आजींना हे न आठवणं कांदा जाळण्यापेक्षा जास्त लागलं. पीठ तासभर हीटरजवळ, ओल्या फडक्याखाली. आमची आई इडलीचं पीठ थंडीत गोधडीत गुंडाळून ठेवायची तसंच. दुप्पट झालं की झालं.

आता खरा भाग. जाड बुडाचं पसरट पातेलं, ४० ग्रॅम लोणी, चमचाभर तेल, सगळा कांदा एकदम आणि लगेच मीठ. आकडा ४. मी आपोआप ६ कडे हात नेला, आजींनी माझी बोटं बाजूला केली. मीठ आधी, कारण मिठानं कांद्याचं पाणी लवकर सुटतं आणि त्याच पाण्यात तो शिजतो. कांद्यात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणीच. दहा मिनिटं झाकण ठेवून, मग झाकण काढून. ढीग पातेल्याबाहेर डोकावत होता, तो हळूहळू खाली बसला. वास बदलत गेला. आधी नाकात जाणारा, मग गोडसर, मग उकडलेल्या दुधासारखा.

वीस मिनिटं झाली. माझ्या हिशेबानं कांदा अजून ‘व्हायचाच’ होता. आपल्याकडे कांदा परतायचा म्हणजे त्याला रंग आला पाहिजे. गुलाबी, सोनेरी, लाल, मटणाला तर त्याहून पुढे. रंग आला नाही तर रस्सा कच्चा लागतो, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. म्हणून मी उलथणं फिरवत पातेल्याचं बूड खरवडत होते, कुठे तरी एक तांबूस ठिपका दिसावा म्हणून. आजी मागून म्हणाल्या, “लाल करायचा नाही. काचेसारखा करायचा.” त्यांचा शब्द तोच आहे, ग्लाझिग, काचेसारखा. एक फोड उलथण्यावर घेऊन त्यांनी खिडकीच्या उजेडाकडे धरली. आरपार दिसत होतं. तरी म्हणाल्या, अजून दहा मिनिटं.

का, हे मला खाल्ल्यावर कळलं. लाल केलेल्या कांद्याची चव मोठी असते, त्याला तिखट, मसाला, खोबरं असं काही तरी तोलायला लागतं. इथे समोर नुसती साय आणि अंडी. शिवाय तो पुन्हा पाऊण तास ओव्हनमध्ये जाणार. आधीच लाल झाला असेल तर तिथे कडू होतो. आणि अर्धवट शिजला असेल तर उरलेलं पाणी तिथे सोडतो आणि खालची पोळी भिजते. म्हणजे माझ्या पहिल्या प्रयत्नात मी दोन्ही चुका एकाच पातेल्यात केल्या होत्या.

जिऱ्याचंही सांगते, कारण हे इथे येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाचं होतं. जर्मनीत ‘क्युमेल’ म्हणजे आपलं जिरं नव्हे. ते शहाजिऱ्याच्या जातीचं, काळपट, बारीक, वाकडं, बडीशेपेची आठवण करून देणारं. आपलं जिरं म्हणजे ‘क्रॉइत्सक्युमेल’. मी इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात क्युमेलची फोडणी वरणाला दिली होती आणि नवऱ्यानं ते वरण औषधासारखं डोळे मिटून गिळलं होतं. त्स्वीबेलकूखनमध्ये मात्र हेच क्युमेल लागतं, चमचाभर, फोडणीशिवाय. कांद्यानं पोटात वारा धरतो, त्यावर हा उतारा, असं आजींचं म्हणणं. आपण वातूळ पदार्थात ओवा-हिंग घालतो, तोच हिशेब.

शिजलेला कांदा आजींनी ताटात पसरून खिडकीत ठेवला. पूर्ण गार. तोवर २०० ग्रॅम श्मांड, तीन अंडी, एक मोठा चमचा मैदा, मिरी आणि थोडंसं किसलेलं जायफळ एकत्र फेटलं. श्मांड म्हणजे घट्ट आंबट साय, साधारण २४ टक्के स्निग्धांश असलेली. आपल्याकडे करायचं झालं तर घट्ट चक्क्यात घरची साय फेटून काम भागेल. चमचाभर मैदा नुसता कांद्याचं चुकलेमाकलेलं पाणी धरून ठेवायला.

बेकनचा प्रश्न आला. मूळ कृतीत खारवून धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, शंभरेक ग्रॅम. मी ते खात नाही. हे सांगायला मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात आजींनी पिठाची एक लांब वळी केली आणि डब्यात पोळी लावून झाल्यावर मधोमध बांध घातला, शेतात घालतात तसा. एका बाजूला त्यांचं, एका बाजूला माझं. माझ्या बाजूला लोण्याचा एक तुकडा जास्त.

२८ सेंटिमीटरचा, कडा सुटणारा डबा. ओव्हन २०० अंशांवर, पंखा न लावता, आणि डबा अगदी खालच्या खाचेत, म्हणजे बुडाला धग लागते. ४५ मिनिटं. या वेळात त्यांनी मला ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आणलं. जर्मनमध्ये हे रीतसर होतं, वयानं मोठ्या माणसानं सुचवायचं असतं. त्यांनी सुचवलं, हात मिळवला, पहिलं नाव सांगितलं. मी मान डोलावली आणि मनात आजीच म्हणत राहिले.

बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. मी सुरी घेतली होती, ती काढून घेण्यात आली. गरम असताना कापलं तर सगळं वाहतं. कोमट झाल्यावर तुकडा सरळ उभा राहिला. खाली खुसखुशीत, वर पिवळसर, कुठे कुठे तपकिरी डाग, आणि मध्ये कांदा आहे की साय आहे हे जिभेला नक्की सांगता येत नाही असा. दोन तुकडे खाल्ल्यावर मी बोलायला लागले.

याच्यासोबत इथले लोक नवी वाइन पितात. बाकी जर्मनीत फेडरवायसर म्हणतात, आमच्याकडे ‘नॉयर झ्यूसर’, म्हणजे नवा गोड. द्राक्षाचा रस आंबायला लागला की लगेच बाटलीत येतो, गढूळ, फसफसणारा. ४ टक्के अल्कोहोलपासून विकायला परवानगी, पण बाटलीत आंबणं चालूच असतं, रोज गोडी कमी आणि चढ जास्त. पहाटेची नीरा दुपारपर्यंत ताडी होते, तसंच. गावाच्या वरच्या उतारांवर द्राक्षमळे आहेत. शरदात तिथले मळेवाले स्वतःच्या घरात, तबेल्यात बाकडी टाकून हे दोन्ही विकतात. दारावर खराटा लटकवला की समजायचं, उघडं आहे. म्हणून त्या जागेचं नावच ‘बेझन’, खराटा. वर्षभर नव्हे, थोडेच महिने.

पुढच्या आठवड्यात मी एकटीनं करायला घेतलं आणि नव्या वाइनची बाटलीही आणली. फ्रीजमध्ये उभी मावेना, म्हणून आडवी ठेवली. त्या बाटलीचं झाकण मुद्दामच सैल असतं. आतला वायू बाहेर पडला नाही तर बाटली फुटेल. सकाळी फ्रीज उघडला तर भाज्यांच्या कप्प्यात कोथिंबीर द्राक्षाच्या रसात पोहत होती. अर्धी बाटली फरशीवर. ती पुसताना यीस्टचा जो वास आला तो तीन दिवस गेला नाही.

कांद्याचंही पुन्हा थोडं चुकलं. स्वस्त दिसले म्हणून ते मोठे, नारळाएवढे कांदे आणले, आजींनी नको म्हटलेले. चवीला सौम्य, चिरायला सोपे, सलादला छान. पण पाणी किती! आपल्याकडचा पावसाळ्यातला लाल कांदा आणि चाळीत महिनोन्‌महिने टिकणारा उन्हाळ कांदा यांत जो फरक, तसाच काहीसा. चाळीस मिनिटांनीही पातेल्यात रस्सा. शेवटी चाळणीत ओतून निथळला, जवळजवळ वाटीभर पाणी निघालं. ते टाकवेना, संध्याकाळी आमटीत घातलं. आमटी फारच चांगली झाली, हे कबूल केलं पाहिजे. निथळलेला कांदा पुन्हा पाच मिनिटं लोण्यात. या वेळी उलथण्यावर घेऊन खिडकीकडे धरला. काच.

नवऱ्याच्या हट्टाखातर एका कोपऱ्यात हिरवी मिरची घातली. वाईट लागली नाही, पण पुन्हा घालणार नाही. तिथे फक्त मिरचीच लागली.

आजींना नेऊन दिला तो बिनमिरचीचा तुकडा. त्यांनी उभ्याउभ्याच खाल्ला. कड आधी, मग मधला भाग. बुडाखाली बोट लावून पाहिलं, कोरडं होतं. आणि मग त्यांनी मला, जिन्याच्या तिसऱ्या पायरीबद्दल काहीही न बोलता, या आठवड्याची केअरवोखंची पाटी दिली.

संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल लावला. उरलेला अर्धा डबा कॅमेऱ्यासमोर धरला. आईनं विचारलं, आत गूळ आहे का. बाबा मागे खाटेवर बसून चष्म्यातून बघत होते. त्यांनी नेहमीचा पहिला प्रश्न विचारला, “तिकडं काय भाव चाललाय कांद्याचा?” मी सांगितलं, दीड युरोला किलो. त्यांनी मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केला आणि एक उसासा सोडला. मग म्हणाले, “अन् यात किती गेला?”

“किलोभर.”

“एका पोळीत किलोभर?” ते उठून फोनजवळ आले. डब्याकडे नीट पाहिलं. “मग ही माणसं हे आठवड्यातून किती वेळा करतात गं?”